डेबिट कार्ड : मशीनवर नेमकं काय होतं, पैसे कुठं अडकतात आणि सोडवायचे कसे

करवीरकर :
मंडळी, दुकानाच्या गल्ल्यावर आणि एटीएमच्या दारात डेबिट कार्डावरून रोज तेच वाद ऐकू येतात. 'मशीन खराब आहे', 'तुमच्या खात्यात पैसे नाहीत', 'बँकेत जाऊन विचारा'. तिन्ही उत्तरं बहुतेक वेळा अंदाजाने फेकलेली असतात. म्हणून हा धागा. माहितगारांनी भर घालावी, पण किस्से नकोत. काय करायचं आणि का, एवढंच लिहा.

आधी पाया. मशीन कार्डावरून खातं ओळखतं आणि तुमच्या बँकेला विचारतं. बँक शिल्लक, पिन आणि मर्यादा तपासते. 'हो' म्हणाली की रक्कम लगेच वजा. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात घोळ झाला तर अडकतात ते बँकेचे पैसे. डेबिटला तुमचेच पैसे आधी जातात आणि निकाल लागेपर्यंत घर तुम्हालाच चालवायचं असतं. त्यामुळं माझं ठाम मत : ज्या खात्यावर उसाचं बिल, दुधाचं बिल किंवा निवृत्तीची रक्कम येते त्या खात्याचं कार्ड बाजारात फिरवू नका. दुसरं साधं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे टाकत जा आणि त्याचं कार्ड पाकिटात ठेवा.

आता कार्ड हातात घेऊन बघा. सोळा आकडे असतात. पहिल्या आकड्यावरून जाळं, म्हणजे बँकांमधला व्यवहार पोचवणारी कंपनी कळते : ४ असेल तर व्हिसा, ५ असेल तर बहुधा मास्टरकार्ड, ६ असेल तर बहुधा रुपे. सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे कुठल्या बँकेचं कार्ड ते सांगतात. शेवटचा आकडा हा आधीच्या पंधरांवरून हिशोबाने काढलेला तपासणीचा आकडा असतो, म्हणून ऑनलाइन नंबर टाकताना एक आकडा चुकला की बँकेला न विचारताच 'नंबर चुकीचा' असं दिसतं. मुदतीत ०९/२८ लिहिलं असेल तर सप्टेंबर २०२८ च्या शेवटच्या दिवसापर्यंत कार्ड चालतं. सोनेरी चौकोन ही चिप, मागची काळी पट्टी चुंबकीय. नुसत्या पट्टीची कार्डं सहज नक्कल होत म्हणून रिझर्व्ह बँकेनं ती ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलायला लावली. मागचे तीन आकडे म्हणजे सीव्हीव्ही, ऑनलाइन पैसे देताना विचारतात तो. ते पाठ करा आणि कार्डावरचे खरडून टाका, मशीनवर त्यांची गरज पडत नाही.

उद्यमनगर :
भावा, एक सांग. सहकारी बँकेचं रुपे कार्ड हाय. एटीएमला झकास चालतंय, पण मोबाईलवरनं तिकीट काढायला गेलं की नुसतं 'फेल'. पैसे बी कट होत न्हाईत. कार्ड बाद झालंय का?

स्विचरूम :
कार्ड ठणठणीत आहे, ऑनलाइनचं बटण बंद आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये नियम केला : नवीन कार्ड देताना फक्त देशातलं एटीएम आणि दुकानातलं मशीन एवढंच चालू ठेवायचं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून (कार्ड मशीनला नुसतं टेकवून) पैसे देणं हे तिन्ही ग्राहकानं स्वतः चालू करायचं. ज्या जुन्या कार्डावर यातला प्रकार कधीच वापरला नव्हता, तिथंही तो बंद केला गेला.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'कार्ड कंट्रोल' किंवा 'मॅनेज कार्ड' असं पान असतं. तिथं प्रत्येक प्रकाराला वेगळं बटण आणि वेगळी मर्यादा. अ‍ॅप नसेल तर एटीएमच्या मेनूत किंवा शाखेत अर्ज देऊन होतं. एक मात्र आहे, काही छोट्या बँकांनी ऑनलाइनची सोय घेतलेलीच नसते. मग बटण शोधून उपयोग नाही, शाखेत सरळ विचारा.

'फेल' या शब्दावर थांबू नका. नाकारलेल्या व्यवहाराच्या चिठ्ठीवर किंवा मशीनच्या पडद्यावर बहुतेक वेळा दोन आकडी कोड येतो, आणि सगळ्या बँकांत त्याचा अर्थ साधारण एकच असतो. ५१ म्हणजे शिल्लक कमी. ५४ म्हणजे मुदत संपली. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे इतक्यांदा चुकला की आता काही वेळ पिनच चालणार नाही. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. ५७ म्हणजे या कार्डाला हा प्रकार परवानगीत नाही, म्हणजे तुझं दुखणं. ९१ म्हणजे तुमच्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. अशा वेळी कार्ड पुसून पुन्हा घालण्यात काही अर्थ नाही, अर्ध्या तासानं बघा. ०५ हा सगळ्यात बेकार, त्यात बँक कारणच सांगत नाही. तिथं फोन करावाच लागतो.

काउंटर_नंबर_तीन :
वरच्यात भर. पिन सलग तीनदा चुकला की बहुतेक बँका त्या दिवसापुरता अडवतात. दुसऱ्या दिवशी आपोआप सुटतो, नवीन कार्ड मागायची गरज नाही. पिन आठवतच नसेल तर आपल्याच बँकेच्या एटीएमवर 'ग्रीन पिन' किंवा 'पिन जनरेशन' निवडा, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकून तिथंच नवा पिन करा. मोबाईल नंबर बदलला असेल आणि बँकेत कळवलं नसेल तर मात्र सगळंच ठप्प. ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिलेला असू शकतो. सिम बदलाल त्याच आठवड्यात शाखेत अर्ज द्या.

पन्हाळा_पायथा :
एटीएममधून पैसे आलेच नाहीत आणि मेसेज मात्र वजा झाल्याचा आला, तर तक्रार कुणाकडे करायची? एटीएम एका बँकेचं, कार्ड दुसऱ्या बँकेचं. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

काउंटर_नंबर_तीन :
तक्रार नेहमी ज्या बँकेचं कार्ड तिच्याकडे. एटीएम कुणाचंही असो, अगदी खासगी कंपनीचं असो. एटीएमवाल्या बँकेच्या शाखेत जाऊन हुज्जत घालण्यात वेळ जातो, त्यांच्याकडे तुमचं खातंच नसतं.

रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम स्पष्ट आहे. व्यवहाराची तारीख सोडून पुढच्या पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. हे पाच दिवस कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. पाचाच्या वर जेवढे दिवस लागतील तेवढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकानं न मागता द्यायची आहे. समजा १ तारखेला ५,००० अडकले आणि १६ तारखेला परत आले. ६ तारखेपर्यंत मुदत होती, म्हणजे दहा दिवस उशीर, १,००० रुपये भरपाई. पासबुकात मूळ रक्कम येते तेव्हा ही ओळही आली का ते बघा. नसेल तर तारखा घालून लेखी मागा.

तक्रारीत काय लिहायचं : कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख, वेळ, रक्कम, एटीएमचा आयडी आणि १२ आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. आयडी आणि आरआरएन चिठ्ठीवर असतात. चिठ्ठी आली नसेल तर एटीएमचा आयडी मशीनवर किंवा भिंतीवर चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढा. आतून हे असं तपासलं जातं : मशीन प्रत्येक नोट मोजून बाहेर ढकलल्याची नोंद ठेवतं, आणि रोकड भरणारे येतात तेव्हा आतली शिल्लक मोजतात. नोंदीपेक्षा पेटीत ५,००० जास्त निघाले की तुमचं म्हणणं आपोआप सिद्ध होतं. अडचण येते ती नोंद 'दिले' असं दाखवते तेव्हा. मग कॅमेऱ्याचं चित्रण मागावं लागतं आणि ते कायम साठवून ठेवलेलं नसतं. म्हणून तक्रार त्याच दिवशी करा, तक्रार क्रमांक घ्या.

महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. हेल्पलाइन १४४४८. वकील लागत नाही.

बिंदू_चौक :
नियम कागदावर छान असतात. शंभर रुपये मागायला गेलं की शाखेत असं बघतात जणू उधारी मागायला आलाय.

काउंटर_नंबर_तीन :
बघू देत. तोंडी मागाल तर बघतीलच. ईमेल करा किंवा अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का घ्या, सूर बदलतो.

मिरची_कांडप :
एटीएमचे किती व्यवहार फुकट असतात? आमच्या इथं कुणी तीन म्हणतं, कुणी पाच.

करवीरकर :
ताई, तुम्ही दोन्ही बरोबर ऐकलंय. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद या सहा शहरांत तीन आणि बाकी सगळीकडे पाच. म्हणजे कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या परक्या एटीएमवर पाच, पण लेकीकडे मुंबईला गेलात तर तिथं तीन. ही किमान मर्यादा, बँक यापेक्षा जास्त देऊ शकते.

लोक फसतात ते इथं : परक्या एटीएमवर नुसती शिल्लक बघणं किंवा मिनी स्टेटमेंट काढणं हाही एक व्यवहार मोजला जातो. पाच संपल्यावर १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी जास्तीत जास्त २३ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७ रुपये १४ पैसे. दोनशे रुपये काढायला सत्तावीस रुपये हे काही शहाणपण नाही. शिल्लक बघायला बँकेच्या मिस्ड कॉलची सोय वापरा.

मशीनमध्ये रोकड नव्हती, लिंक गेली किंवा पिन चुकला म्हणून व्यवहार फसला तर तो या पाचांत धरायचा नाही. पण शिल्लक कमी असताना रक्कम मागितली तर बऱ्याच बँका त्याचा वेगळा आकार लावतात.

महाद्वार_रोड :
एका वेळी वीस हजार टाकले की मशीन नाकारतं, दहा टाकले की देतं. कार्डाची मर्यादा तर चाळीस आहे.

स्विचरूम :
दिवसाची मर्यादा आणि एका वेळची मर्यादा वेगळ्या. परक्या एटीएमवर एका वेळी बहुधा १०,००० च मिळतात. आपल्या बँकेच्या मशीनवर अडचण नोटांच्या संख्येची : तोंडातून एका वेळी ठराविकच नोटा बाहेर येऊ शकतात. पाचशेच्या चाळीस नोटा म्हणजे वीस हजार, पण पेटीत दोनशेच्याच नोटा उरल्या असतील तर तेवढ्याच नोटांचे आठ हजार होतात. म्हणून रात्री उशिरा मोठी रक्कम नाकारली तर निम्मी करून बघा.

आणि चिपचं कार्ड घातल्यावर ते मशीन धरून ठेवतं किंवा खाचेत राहू द्यायला सांगतं. व्यवहार संपेपर्यंत ओढायचं नाही. जुन्या सवयीनं घातलं-काढलं केलं की चिपशी बोलणं अर्धवट तुटतं आणि 'कार्ड वाचता येत नाही' येतं. कार्डाचा यात दोष नसतो.

गुजरी_कट्टा :
दुकानदाराच्या बाजूनं लिहितो. गुजरीत, राजारामपुरीत अजून काही जण डेबिट कार्डाला 'दोन टक्के वर द्या' म्हणतात. हे देऊ नका. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला काहीच कमिशन पडत नाही. व्हिसा, मास्टरकार्डच्या डेबिटवर मशीनला कमाल दर ठरलेला आहे : वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के आणि एका बिलाला २०० रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के आणि १,००० रुपयांच्या वर नाही. दीड लाखाच्या पाटल्या घेतल्या तर मोठ्या पेढीला फार तर हजार रुपये आणि वर जीएसटी पडेल. दोन टक्क्यांनी तीन हजार मागतायत ते कशाचे? शिवाय हे कमिशन गिऱ्हाइकावर ढकलायचं नाही असंच बँकांना बजावलेलं आहे. बऱ्याच दुकानदारांना क्रेडिट आणि डेबिटचे दर वेगळे आहेत हेच माहीत नसतं, त्यामुळं आधी शांतपणे 'डेबिट आहे, रुपे आहे' एवढं सांगा. निम्मे वाद तिथंच मिटतात.

मोठ्या खरेदीला जायच्या आधी अ‍ॅपमध्ये दुकानातल्या मशीनची दिवसाची मर्यादा वाढवून घ्या, नाहीतर पेढीवर ६१ चा कोड येतो आणि चारचौघांत उगाच वरमायला होतं. घरी आल्यावर ती परत खाली आणा.

महाद्वार_रोड :
टॅप करून पैसे देण्याचं काय? गर्दीत कुणी खिशाला मशीन लावून पैसे काढेल म्हणतात.

स्विचरूम :
पिन न टाकता टॅपने एका व्यवहाराला ५,००० पर्यंत जातात, ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून आहे. मशीन चार-पाच सेंटीमीटरवर आणावं लागतं आणि प्रत्येक मशीन कागदपत्रं तपासलेल्या खात्याला बांधलेलं असतं. चोरानं अंबाबाईच्या पालखीच्या गर्दीत असं केलं तर पैसे त्याच्या नावावर जमा होतील आणि दुसऱ्या दिवशी तो सापडेल. खरा धोका कार्ड हरवल्याचा आहे, कारण सापडणारा पिनशिवाय टॅप करू शकतो. भीती वाटत असेल तर बटण बंद करा किंवा मर्यादा ५०० वर आणा. कार्ड चांदीच्या कागदात गुंडाळून हिंडायची गरज नाही.

तसंच, 'एटीएमवर कॅन्सल दोनदा दाबलं की पिन चोरीला जात नाही' आणि 'पिन उलटा टाकला की पोलिसांना कळतं' हे दोन्ही फॉरवर्ड खोटे आहेत.

बिंदू_चौक :
मग एटीएमवर खरं काय बघायचं?

काउंटर_नंबर_तीन :
तीन ठिकाणं. कार्ड घालायची खाच हलवून बघा. वर डकवलेलं काही असेल तर ते हलतं. नोटा येतात ते झाकण बोटानं चाचपा. तिथं पट्टी लावून नोटा आत अडवल्या जातात, गिऱ्हाईक 'आले नाहीत' म्हणून निघून जातं आणि मागून येणारा काढून नेतो. तिसरं, खाचेत गोंद लावून कार्ड अडकवतात आणि शेजारी खोट्या हेल्पलाइनचा कागद चिकटवतात. भिंतीवरच्या नंबरला कधीच फोन करू नका, कार्डाच्या मागच्या नंबरला करा. तो नंबर कार्ड आत अडकल्यावर दिसत नाही, म्हणून आत्ताच मोबाईलमध्ये नोंदवा.

पेन्शनच्या दिवसांत 'काका, मी काढून देतो' म्हणणारे असतात. पिन बघतात आणि त्याच रंगाचं दुसरं कार्ड हातात देतात. कार्ड परत घेताना नाव वाचा.

पन्हाळा_पायथा :
फसवणूक झालीच तर बँक पैसे देते का?

करवीरकर :
उत्तर दोन गोष्टींवर ठरतं : चूक कुणाची आणि कळवलं कधी. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेलं परिपत्रक, दोन्हींतली चौकट हीच. बँकेची चूक असेल तर तुमच्यावर काहीच नाही. तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुठल्या यंत्रणेतून माहिती फुटली, तर मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास पूर्ण रक्कम परत. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही, आणि सुट्ट्या आपल्या शाखेच्या मोजायच्या. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,०००, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्याला ५,००० एवढाच फटका तुमचा. सातच्या पुढं बँकेचं धोरण. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची असते आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची.

पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून क्रम असा : आधी कार्ड ब्लॉक, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँकेत लेखी. १९३० वर पैसे पुढच्या खात्यात थोपवून धरण्याचा प्रयत्न होतो, त्यात मिनिटं मोजली जातात. आधी चौकीत जाऊन बसण्यात ती मिनिटं जातात.

स्विचरूम :
यंत्रणाच पोखरली जाते तेव्हा पिनलाही अर्थ उरत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, साधारण ९४ कोटी गेले. हल्लेखोरांनी बनावट स्विच (कार्डाच्या मागण्या बँकेपर्यंत नेऊन होकार-नकार देणारी यंत्रणा) उभा करून नक्कल कार्डांच्या प्रत्येक मागणीला 'हो' म्हणवून घेतलं. देशात रुपेच्या नकली कार्डांवर जे पैसे निघाले त्यात कोल्हापुरातली एटीएमही होती. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, भुर्दंड बँकेवर आला.

उद्यमनगर :
ऑनलाइन बटण चालू केलं भावा, तिकीट निघालं. आता पतसंस्थेचं बी कार्ड काढावं म्हणतोय.

काउंटर_नंबर_तीन :
पतसंस्था बँक नाही, स्वतःचं डेबिट कार्ड देऊ शकत नाही. कुणी तसं सांगत असेल तर कार्डावर कुठल्या बँकेचं नाव छापलंय ते बघा. आणि बँकेतल्या ठेवीला असतो तो पाच लाखांपर्यंतचा विमा पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, तेही लक्षात असू दे.

मिरची_कांडप :
जनधनच्या कार्डावर विमा असतो म्हणे?

करवीरकर :
अपघाती विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याला दोन लाख, आधीच्याला एक लाख. अट अशी की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डावर एक तरी व्यवहार झालेला हवा. शिल्लक बघितलेलीही चालते. घरात पडून असलेली कार्डं दर दोन महिन्यांनी एकदा एटीएममध्ये घालून यायची, एवढंच काम.

महाद्वार_रोड :
साडी परत केली, दुकानदार म्हणतो 'पैसे कार्डावर टाकलेत', आठ दिवस झाले आले नाहीत.

गुजरी_कट्टा :
त्याला विचारा, 'व्हॉइड' केलं की 'रिफंड'? त्याच दिवशी, मशीनचा दिवसाचा हिशोब बंद व्हायच्या आत रद्द केलं तर व्हॉइड. पैसे लवकर सुटतात. हिशोब बंद झाल्यावर रिफंडच करावा लागतो आणि त्याला साधारण आठवडा जातो. दोन्हींची चिठ्ठी निघते. ती नसेल तर काहीच केलेलं नाही असं समजा. चिठ्ठी असेल तर त्याच्या मशीनच्या बँकेकडून २३ आकडी एआरएन, म्हणजे रिफंडचा माग काढायचा क्रमांक, मागवून घ्या आणि तो तुमच्या बँकेत द्या, रक्कम कुठं थांबली ते त्यावरून शोधता येतं.

उद्यमनगर :
शेवटचं. कार्डाची मुदत पुढच्या महिन्यात संपतीया. यूपीआय बंद पडणार का?

स्विचरूम :
नाही. यूपीआय खात्याला जोडलेलं असतं. कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत फक्त यूपीआय पिन नवा करताना लागतात, आणि तेही आधारनं करता येतं. अडेल ते दरमहा आपोआप जाणारं बिल. जुन्या कार्डावर नोंदवलं असेल तर नवीन कार्ड आलं की तिथं परत नोंदव. आणि जुनं कार्ड टाकून देताना चिपवरून आडवी कात्री चालव, नुसतं दोन तुकडे करून भागत नाही.